सब्र कशाला म्हणावे?

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले होते. तेथे बसलेल्या वकीलबाईंना मी सांगितले की, माझ्या एका मैत्रिणीसाठी थोडी माहिती हवी आहे. कागदावरून नजर न काढता त्यांनी विचारले, "मैत्रिणीला मुलं किती?" मी म्हटले, "दोन." "नोकरी करते?" "हो, शिक्षिका आहे. उर्दू शाळेत." तेव्हा त्यांनी नजर वर केली, माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या तपासायच्या वह्यांकडे पाहिले आणि पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. "बसा मॅडम. सांगते." मैत्रीण वगैरे कोणी नव्हती, हे त्यांना कळले होते.

परतताना एस.टी.मध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, तरी सगळा वेळ मी ओढणी तोंडावर घेऊन बसले होते. आपण काहीतरी चोरून आणले आहे असे वाटत होते. वास्तविक मी काय केले होते? कोठे सही केली नव्हती, अर्ज दिला नव्हता, पतीविरुद्ध एक शब्द बोलले नव्हते. फक्त चार प्रश्न विचारले होते. संसारात राहून संसारातून बाहेर पडण्याच्या वाटेची चौकशी करणे ही बेइमानी आहे काय, हा प्रश्न त्या एस.टी.त माझ्या मनात आला आणि अजून गेलेला नाही. तो केवळ माझा असता तर मी येथे मांडला नसता. पालकसभा संपल्यावर मागे रेंगाळणाऱ्या, "टीचर, एक बात पूछनी थी" असे म्हणून काहीच न विचारता निघून जाणाऱ्या आया मी बारा वर्षे पाहत आले आहे.

माझी हकिकत थोडक्यात सांगते, कारण ती लपवून तत्त्वाच्या गोष्टी करणे बरे नव्हे. माझे पती वाईट मनुष्य नाहीत. हात उगारत नाहीत, व्यसन नाही, मुलांवर जीव आहे. लग्नाला तेरा वर्षे झाली. माझा पगार माझ्या नावाने बँकेत जमा होई आणि एटीएम कार्ड त्यांच्या पाकिटात असे. बसभाड्याचे पैसे मी रोज सकाळी मागून घेई. दुकानाचे कर्ज, दिराचे लग्न, घराचा स्लॅब यांत तो पगार गेला, आणि घर सासऱ्यांच्या नावावर आहे. गेली चार वर्षे आमच्यात जेवण, मुले आणि गॅस सिलिंडर याखेरीज बोलणे नाही. एवढ्यासाठी कोणी तलाकचा विचार करते काय, असे काही वाचकांना वाटेल. मलाही तसेच वाटत होते. म्हणूनच मैत्रीण निर्माण करावी लागली.

अम्मीला मी हे प्रथम सांगितले तेव्हा तिने एकच शब्द उच्चारला, सब्र. या शब्दाशी माझे भांडण नाही. दर वर्षी दहावीच्या वर्गात मी मुलींना त्याचा अर्थ सांगते. अरबीत त्याचा मूळ अर्थ रोखून धरणे असा आहे. रागाला, जिभेला, पावलाला माणसाने स्वतःच आवर घालायचा. पण पाऊल रोखायचे तर ते उचलता आले पाहिजे. दावणीला बांधलेल्या शेळीला कोणी साबिर म्हणत नाही. समोर दोन वाटा दिसत असताना माणूस विचार करून जेथे आहे तेथेच राहतो, तेव्हा ते सब्र. दुसरी वाट आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या थांबण्याला मी नाइलाज म्हणेन.

हे सारे मी त्या दिवशी वर्गात बोलावे तसे अम्मीसमोर बोलून गेले. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. म्हणाली, "तो मेरा चालीस बरस का सब्र क्या था? झूट?"

मला उत्तर देता आले नाही. माझे वडील आता हयात नाहीत. अल्लाह त्यांना मगफिरत देवो, पण ते घरी आले की आम्ही भावंडे रेडिओ बंद करीत असू. अम्मीने त्या घरात पाच मुले वाढवली, सासूची आठ वर्षे अंथरुणातली सेवा केली, आणि विशेष म्हणजे ती कडवट झाली नाही. आजही हसते. त्या चाळीस वर्षांना मी, एक बी.एड. झालेली मुलगी, नाइलाज म्हणून मोकळी होणार? तेव्हा मला माझी व्याख्या अपुरी वाटू लागली. वाट नसतानाही कसे राहायचे हे माणूस ठरवू शकतो. मनात विष साठवायचे की नाही, मुलांवर राग काढायचा की नाही, हे अम्मीने स्वतः ठरवले होते. तेही सब्रच, आणि बहुधा अधिक कठीण.

मग चूक कोठे आहे? फार दिवसांनी मला असे वाटू लागले की, चूक सब्र करणारीची नसून सब्र सांगणाऱ्याची आहे. बंद दाराआड हिमतीने राहणे एक गोष्ट झाली. दुसऱ्याला, दार आहे ही गोष्ट लपवून, हिमतीने राहा म्हणून सांगणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. पहिली माणसाची थोरवी असू शकते. दुसरी फसवणूक आहे, सांगणाऱ्याची नियत कितीही नेक असो. आपल्या मोहल्ल्यात बायकांच्या इज्तिमाला सब्रवर तासभर बयान होते. खुला या विषयावर दहा मिनिटेसुद्धा बोललेले मी कधी ऐकलेले नाही.

आणि जी परंपरा आपण सांगतो तिच्यात तर हे दार मुळीच लपवलेले नाही. हजरत बरीरा यांची हकिकत हदीसच्या ग्रंथांत आहे. त्या गुलाम होत्या, हजरत आयेशा यांनी त्यांना मुक्त केले. पती मुगीस अजून गुलामीत होते. मुक्त झालेल्या स्त्रीला अशा निकाहात राहावे की नाही हे ठरवण्याचा अधिकार होता. बरीरांनी न राहण्याचे ठरवले. मुगीस यांचे त्यांच्यावर इतके प्रेम की, ते मदिनेच्या गल्ल्यांतून रडत त्यांच्यामागे फिरत आणि आसवांनी दाढी भिजत असे. पैगंबरांना (स.) त्यांची दया आली आणि त्यांनी बरीरांकडे शब्द टाकला. बरीरांनी विचारले की, हा हुकूम आहे काय? पैगंबर म्हणाले, नाही, मी केवळ शिफारस करतो आहे. तेव्हा बरीरांनी नम्रपणे नकार दिला.

ही हकिकत मी अनेकदा ऐकली होती, पण सांगणाऱ्यांचा भर नेहमी मुगीस यांच्या आसवांवर असे. बरीरांनी आधी काय केले, इकडे माझे लक्षच गेले नव्हते. त्यांनी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. आधी विचारले की, याचा दर्जा काय? माझ्यावर हे बंधनकारक आहे की माझ्या मर्जीवर? ज्याला आपण आज कायदेशीर सल्ला म्हणतो, तो त्यांनी खुद्द पैगंबरांना विचारला. तिला कोणी बेअदब ठरवले नाही. ज्या समाजात ही हकिकत मिंबरवरून सांगितली जाते, त्याच समाजातली बाई काझीसाहेबांना साधा प्रश्न विचारायला घाबरते, याचे मला नवल वाटते. मुगीस यांची आसवे खरी होती, हेही विसरू नये. दुसऱ्याचे दुःख खरे असले म्हणून आपण राहिलेच पाहिजे असे होत नाही, आणि आपल्याला जाण्याचा हक्क आहे म्हणून त्याचे दुःख खोटेही ठरत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरणे मला अजून नीट जमत नाही.

आता त्या वकीलबाईंनी सांगितलेले, आणि नंतर मी वाचून काढलेले, लिहिते. बी.एड.ला आम्हांला पाठटाचणात 'पूर्वज्ञान' नावाचा रकाना भरावा लागे. विद्यार्थ्याला आधी काय ठाऊक आहे ते पाहा, मगच पुढे जा. माझ्या पूर्वज्ञानाच्या रकान्यात एवढेच होते की, तलाक पुरुष देतो. उर्दू शिकवून पोट भरणाऱ्या मी स्वतःचा निकाहनामासुद्धा वाचलेला नव्हता. घरी आल्यावर ट्रंकेतून काढून वाचला. मेहर मुअज्जल, असे लिहिले होते. उर्दूत या नावाचे दोन शब्द आहेत. 'ऐन'ने लिहिला तर अर्थ ताबडतोब द्यावयाचा मेहर. 'वाव'वर हमजा देऊन लिहिला तर पुढे कधीतरी द्यावयाचा. बोलताना दोहोंत फरक ऐकू येत नाही. निकाहाच्या दिवशी पडद्याआडून मी जे ऐकून 'कबूल' म्हटले, त्यातला शब्द कोणता हे कानाला कळणे शक्यच नव्हते. माझ्या कागदावर वावावर हमजा आहे.

दुसरी गोष्ट १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याची. हा कायदा कोणी आपल्यावर बाहेरून लादला असे समजू नये. त्याला कारण मोठे दुःखद होते. हनफी फिकहमध्ये स्त्रीला न्यायालयातून निकाह तोडून मागण्याची वाट फार अरुंद. म्हणून काही स्त्रिया छळातून सुटण्यासाठी धर्मच सोडू लागल्या होत्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींसारख्या आलिमांनी मालिकी फिकहचा आधार घेऊन वाट रुंद केली आणि त्यातूनच पुढे हा कायदा झाला. पती चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे खावटी देत नसेल, विनाकारण तीन वर्षे वैवाहिक कर्तव्य पाळत नसेल, क्रूरपणे वागत असेल, तर पत्नी न्यायालयाकडे निकाह रद्द करून मागू शकते. क्रूरतेत मारहाण आहेच. पण शरीराला हात न लावता वागणुकीने आयुष्य असह्य करणेही आहे. आणखी एक पोटकलम वाचताना मी थबकले. पत्नीच्या मालमत्तेची विल्हेवाट लावणे, किंवा तिला त्या मालमत्तेवरचा कायदेशीर हक्क वापरू न देणे, हीही क्रूरताच. तेरा वर्षे ज्याला मी सासरची रीत समजत होते, तिला १९३९ पासून कायद्यात नाव होते. पगाराला मालमत्ता म्हणावे की नाही यावर वकील वाद घालतील. मला त्या दिवशी एवढेच कळले की, मला वाईट वाटते ते उगाच नाही.

खुलाविषयी अधिक गोंधळ आहे. साबित बिन कैस यांच्या पत्नी पैगंबरांकडे आल्या, पतीच्या दीनात किंवा स्वभावात खोट नाही असे स्वतःच म्हणाल्या, तरी राहावयाचे नाही म्हणाल्या. मेहरात मिळालेली बाग परत करून त्या मोकळ्या झाल्या. पतीचा दोष सिद्ध करावा लागला नाही. त्या वेळी पतीला दिलेला तो हुकूम होता की सल्ला, यावर आलिमांचा वाद आहे, आणि पतीची संमती हवी की नको हा प्रश्न त्या वादावरच उभा आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले की, खुला हा स्त्रीचा स्वतःचा हक्क आहे, तो पतीच्या मर्जीवर अवलंबून नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असेही सांगितले की, खासगी शरियत कौन्सिलने दिलेले खुलाचे प्रमाणपत्र चालणार नाही, कौटुंबिक न्यायालयात जा. दारुल कझाच्या निर्णयाला कायद्याचे बळ नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणजे काझीसाहेबांकडे जरूर जावे, दोन्ही घरची वडील माणसे बसवावीत. सूरह निसामध्येही दोन्ही बाजूंचा एकेक पंच नेमण्याची सूचना आहे. पण उद्या रेशन कार्ड, मुलांचा ताबा, दुसरा निकाह असे प्रश्न आले की न्यायालयाचा कागदच लागतो. दोघांनाही वेगळे व्हायचे असेल तर मुबारातचा मार्ग आहे, त्यात कोणी कोणाला दोष द्यावा लागत नाही.

स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तशी तरतूद आहे. मी विचारले, "मला पगार आहे, तरीसुद्धा?" बाई हसल्या. "मॅडम, मैत्रिणीला आहे म्हणा." मग गंभीर होऊन त्यांनी सांगितले की, अर्ज दाखल झाल्यावर पतीला समन्स जाते, कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशकापुढे दोघांना बसवतात, तेथे जमले तर ठीक, नाही तर पुरावा, जबानी, हुकूमनामा. वेळ लागतो. खावटीचा अर्ज वेगळा करता येतो. १९८५ च्या शाहबानो निकालानंतर १९८६ चा कायदा आला आणि तलाकशुदा स्त्रीची खावटी इद्दतपुरतीच, असा समज पसरला. २००१ मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इद्दतीच्या मुदतीत द्यावयाची असली तरी तरतूद तिच्या पुढच्या आयुष्याचीही करावी लागेल. आणि मी त्या कार्यालयात जाण्याच्या महिनाभर आधी, जुलै २०२४ मध्ये, त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, इतर स्त्रियांप्रमाणे तिला फौजदारी संहितेतील कलम १२५ चीही वाट खुली आहे. ते कलम नव्या संहितेत १४४ झाले आहे.

येथे एक गोष्ट मध्येच सांगितली पाहिजे. जिच्या अंगावर हात पडतो तिने माझ्यासारखा सब्रच्या अर्थाचा काथ्याकूट करीत बसू नये. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा दूरध्वनी क्रमांक आहे, आणि राहत्या घरातून तिला हाकलता येत नाही. आधी जीव, मग विचार.

आता माझ्याविरुद्ध जे म्हणता येईल तेही लिहिते, कारण ते मी स्वतः अनुभवले आहे. माहिती निरुपद्रवी नसते. त्या भेटीनंतर सुमारे दोन महिने मी पतीकडे पुरावा गोळा करणाऱ्याच्या नजरेने पाहत होते. ते ताट सरकवून उठले की मनातल्या मनात कलम आठवे. एकदा मुलीच्या तापात ते रात्रभर जागले आणि माझ्या मनात काय यावे, तर हे माझ्या बाजूला कमकुवत करणारे आहे! त्या रात्रीची मला लाज वाटते. ज्याच्याशी राहावे की नाही हे ठरवायचे, त्याला आधीच प्रतिवादी करून टाकले तर मग ठरवण्यासारखे उरतेच काय? मोठी माणसे "कोर्टाची पायरी चढू नकोस" म्हणतात त्यात हा अनुभव असावा. पण ही नजर पुढे ओसरली. मला वाटते, ती माहितीमुळे आली नव्हती. तेरा वर्षे जे बोलता आले नव्हते त्याला एकाएकी भाषा मिळाली, म्हणून ती आली होती.

एका सकाळी बसभाडे मागण्याऐवजी मी म्हटले, "कार्ड माझ्याजवळ असू द्या. घरखर्चाला लागेल ते मी देईन." आवाज चढवला नाही. पूर्वी मी हे का बोलू शकले नव्हते? ते नाही म्हणाले तर काय, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते म्हणून. आता होते. त्यांनी काही उत्तर दिले नाही. तीन दिवसांनी कार्ड फ्रिजवर ठेवलेले दिसले. त्यावर आमच्यात अजून बोलणे झालेले नाही. यामुळे सारे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. मी अर्ज दिलेला नाही, आणि कधी देणार नाही असेही ठरवलेले नाही.

पुरुषांच्या बाबतीतही मला हेच म्हणायचे आहे. एका दमात तीन तलाक ही पद्धत मला वाईट वाटते ती केवळ स्त्रीवर अन्याय म्हणून नव्हे. विचार करण्यासाठी जो अवधी ठेवला होता, तोच ती गिळून टाकीत होती. एकदा तलाक उच्चारायचा, मग तीन पाळ्यांची इद्दत, तेवढ्या काळात परत येण्याची वाट खुली. राग ओसरायला, दोन माणसांना मध्ये घालायला ही मुदत. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने २००२ मध्ये दगडू पठाण खटल्यात सांगितले होते की, तलाक दिला असे नुसते कैफियतीत लिहून भागत नाही, कारण आणि समेटाचे प्रयत्न दाखवावे लागतील. त्याच वर्षी शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले. पंधरा वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी, एका दमातला तलाक रद्द ठरला, आणि २०१९ च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. तुरुंगाने घर सावरते असे मला वाटत नाही. माझ्या माहितीतले दोन पुरुष आता तलाकचा शब्दच काढीत नाहीत, बायकोला माहेरी सोडून आले आहेत. ना नांदवणे, ना सोडणे. बाईला असे लटकत ठेवण्याला कुराणात मनाई आहे, आणि १९३९ च्या कायद्यात त्याला उपाय आहे. त्या दोघींपैकी एकीची मुलगी माझ्या वर्गात आहे. तिच्या आईला मी कार्यालयाचा पत्ता लिहून दिला. त्यावर गावातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मुख्याध्यापकांकडे माझी तक्रार केली की, टीचर घरे तोडायला शिकवते. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारले. मी सांगितले की, मी पत्ता दिला, सल्ला दिला नाही. हा फरक त्यांना पटला की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी चहा मागवला.

गेल्या रमजानमध्ये अम्मी आमच्याकडे राहायला आली होती. तरावीहनंतर मुले झोपली की ती माझ्याजवळ बसे. एके रात्री तिने आपणहून विचारले, "वो कागद में क्या लिख्खा है, पढ के सुना." मी १९३९ च्या कायद्यातली कारणे एकेक करून उर्दूत सांगत गेले. मारहाणीचे सांगितले, खावटीचे सांगितले, मालमत्तेचे सांगितले. ती तस्बीह फिरवीत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "कौन से साल का है बोली?"

"एकोणचाळीसचा, अम्मी."

तिचे लग्न १९८१ मध्ये झाले. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग म्हणाली, "तो हमकू किसी ने बताया कायकू नै?"

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तिने परत वाचायला सांगितले, या वेळी जरा सावकाश.